थोरल्याची पुढची, धाकट्याची मागची

महांतेशला समोरच्या माणसाचा भाव काढायला वेळ लागत नसे. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात त्याची गुळाची अडत होती. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बोटानं दाबून आतला कण कसा असेल ते तो सांगायचा, आणि शेतकरी गाडीतून उतरताना पाय कसा टाकतो यावरून तो आज माल विकणार की परत नेणार तेही सांगायचा. घरच्या माणसांपाशी मात्र हा हिशेब हमखास चुकायचा. तिथं तो स्वतःच माल होता आणि स्वतःच दलाल.

आता प्रश्न जीपचा होता. खरं तर आईचा होता, पण त्या घरात आईचा प्रश्न जीपच्याच तोंडून बोलायचा.

वडील, गुरुसिद्ध अप्पा, तीन वर्षांपूर्वी ऐन आषाढात गेले. लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. अप्पांनी आपली जागा आधीच नेमून ठेवली होती, नेसरीजवळच्या त्यांच्या माळावर, जिथून सगळा ऊस नजरेखाली येतो तिथं. शेजारची जागा आईची, मल्लव्वाची. "म्हातारी मागं राहिली तर मला हाका मारायला लांब जायला नको," म्हणायचे. गेले त्या दिवशी पाऊस असा लागला की ओढ्यापलीकडच्या चढणीला चिकण मातीचा नुसता साबण झालेला. खांदेकरी दोनदा घसरले. तेव्हा धाकट्या मृत्युंजयनं अप्पांना उचलून त्यांच्याच जीपमध्ये मागच्या सीटवर बसवलं, फुलांच्या माळा सावरल्या, दोघा खांदेकऱ्यांनी दोन्ही बाजूंनी खांदे धरले आणि चारी चाकं ओढायला लावणारा दांडा टाकून महांतेशनं गाडी वर काढली. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत न बसलेला माणूस शेवटीही आपल्याच गाडीतून गेला. परत येताना मल्लव्वा एवढंच बोलली, "मलाबी असंच न्यायचं. ह्याच गाडीतनं."

ट्रॅक्टरचं नाव काढलं की ती म्हणायची, "ट्रॅक्टरनं ऊस जातो. मी काय ऊस न्हाय."

दिवाळीपासून तिचं हृदय कुरकुरत होतं. डॉक्टरांनी महांतेशला बाजूला घेऊन सांगितलं, एवढा पावसाळा जपा. त्यांनी आवाज बारीक केला होता, पण मल्लव्वाचे कान म्हातारे झाले नव्हते. त्या दिवसापासून ती आपल्या गोळ्यांची चौकशी करायची सोडून जीपची करू लागली.

अप्पांच्या मागं वाटणी झाली. यार्डातले जुने स्नेही शांतिनाथ काका पंच म्हणून बसले. अडत थोरल्याला, शेती धाकट्याला, आणि माळावरचा तेवढा तुकडा, विहीर, गाडीवाट आणि जीप सामाईक. 'सामाईक' म्हणताना शांतिनाथ काकांचा आवाज भरून आला होता. अशा ठिकाणी माणसाचा आवाज भरून येतो तो दुसऱ्याच्या घरात आग ठेवून निघताना, हे महांतेशला पुढं कळलं. जीप एक महिना कोल्हापुरात, एक महिना गावाकडं, आणि तिच्याबरोबर आईही. अमावास्येला गाडी पोचवायची, त्यातच म्हातारी, तिची उशी, तिची इष्टलिंगाची चांदीची पेटी आणि लोणच्याची बरणी. बघणाऱ्याला कळायचं नाही, गाडीबरोबर आई चाललीय की आईबरोबर गाडी.

दुरुस्तीवरून पहिल्याच वर्षी ठिणग्या उडाल्या. पंक्चर कुणाच्या महिन्यात झालं, ब्रेक कुणी झिजवले. शेवटी दोघा भावांनी मिळून तोडगा काढला, आणि दोघांनी मिळून काढलेला तो शेवटचाच. पुढचा ॲक्सल थोरल्याचा, मागचा धाकट्याचा. पुढं जे मोडेल ते महांतेशनं बघायचं, मागचं मृत्युंजयनं. शेतातल्या बांधासारखी गाडीच्या पोटाखालून रेघ गेली. इंजिन पुढं येतं म्हटल्यावर महांतेश जरा कुरकुरला, तेव्हा इंजिन आणि मधला सगळा गिअरचा संसार सामाईक ठरला.

सामाईक विहिरीचा गाळ कुणी काढत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

या उन्हाळ्यापासून गाडी रुसली. दोन चाकांवर शहाण्यासारखी चालायची. चारीवर टाकली की अंग आखडायची. वळताना वाटायचं, कुणी मागून पदर धरलाय. दांडा एकदा आत गेला की बाहेर यायला तयार नाही, मागं-पुढं करून, चार शिव्या घालून काढायला लागायचा. मधेच पोटातून ठण्ण करून असा आवाज यायचा की आत बसलेला माणूस पाय वर घ्यायचा.

महांतेशनं ती उद्यमनगरात कृष्णातच्या गॅरेजला नेली. कृष्णातचं तोंड स्पॅनरपेक्षा जास्त चालायचं. जीपखाली आडवा झाला की तो खालूनच आख्ख्या गल्लीची सोयरीक जुळवायचा आणि मोडायचा.

"अण्णा, ह्याचं दुखणं पुढं हाय," तो खालून म्हणाला. "हब पकडत न्हाय नीट. पुढची चाकं निम्म्या मनानं फिराय लागल्यात."

पुढं म्हणजे महांतेशच्या अंगावर. "नीट बघ की. मागं न्हाय ना काय?"

"तुमाला मागं पाहिजे असलं तर मागंबी काढतो. आपल्याला काय."

हब बदलले. आवाज तिथंच. पुढच्या महिन्यात गाडी गावाकडं गेली तेव्हा मृत्युंजयनं गडहिंग्लजला दुसऱ्याला दाखवली. त्यानं मागच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेलाय म्हणून सांगितलं, तो मृत्युंजयनं दात खात बदलला. आवाज तिथंच. फोनवर दोघं भाऊ डॉक्टरांसारखे बोलू लागले.

"तुझ्या पुढच्यानंच लोड येतोय," मृत्युंजय म्हणाला.

"माझं पुढचं नवं कोरं हाय. तुझ्या मागच्याचं बघ."

"मागच्याला आत्ताच हात लावलाय."

"मग हात लावलास तिथंच बिघडलं असंल."

महांतेशची बायको शिवांजली भाकरी थापता थापता म्हणाली, "दोघांनी दोन-दोन चाकं वाटून घ्या आणि आपापल्या गावाला पळा. जीप कशाला पाहिजे?" महांतेश यार्डात निघून गेला.

आषाढ लागला. अप्पांचा दिवस जवळ आला तसं मल्लव्वाचं विचारणं वाढलं. पायऱ्या चढायची बंद झाली होती. खाटेवर उशीला टेकून बसायची आणि खाली जीपचा आवाज आला की कान द्यायची. एका दुपारी तिनं महांतेशला जवळ बोलावलं.

"गाडीचं काय म्हणतोय गा तो मिस्त्री?"

"बघतोय अव्वा. हुईल."

"माझ्या आधी व्हईल का मागनं?"

ती हसत होती. महांतेश हसला नाही. अशा हसण्याचा भाव त्याला ठाऊक होता. माल परत न्यायचं मनाशी ठरवलेला शेतकरी असाच गोड बोलतो.

त्यानं मृत्युंजयला कोल्हापूरला बोलावलं आणि दोघं मिळून कृष्णातकडं गेले. गाडीला मधे उभी करून दोघं भाऊ दोन टोकांना उभे राहिले, थोरला बॉनेटपाशी, धाकटा मागच्या दाराशी. कृष्णातनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाला, "आज पुढचं-मागचं सोडून मधलं खोलतो. तिकडं कुणी बघितलंय का कवा?"

दोघंही गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले.

इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारा डबा गाडीच्या मधोमध असतो. त्याला गॅरेजवाले ट्रान्सफर म्हणतात. कृष्णातनं त्याचा बूच काढला. तेल काकवीसारखं दाट आणि काळं पडलं, आणि परातीत उन्हाकडं धरल्यावर त्यात जत्रेतली चमकी चमकावी तशी धातूची पूड चमकली. बुचाच्या लोहचुंबकाला पोलादाच्या मिशा फुटल्या होत्या.

"हे तेल अप्पांच्या वेळचं हाय," कृष्णात म्हणाला. त्यानं परात दोघांच्या मधोमध ठेवली.

"मधलं सामाईक हाय," मृत्युंजय म्हणाला.

"व्हय की. म्हणून तर मेलंय."

पण नुसत्या तेलानं एवढा चुरा पडेल, हे कृष्णातला पटेना. तो परत परत गाडीकडं बघत होता. महांतेशही बघत होता. यार्डात शंभर रव्यांच्या रांगेतला एक बुटका रवा त्याच्या डोळ्याला टोचायचा, तसं आता काहीतरी टोचत होतं. गॅरेजची फरशी सपाट होती आणि जीप नाक वर करून उभी होती.

"कृष्णात," तो म्हणाला, "ही पुढनं उंच दिसती का रे?"

कृष्णातनं खडू आणला. एका पुढच्या आणि एका मागच्या टायरला तळाशी रेघ मारली, फरशीवरही त्याच जागी खुणा केल्या, आणि गाडी हळूहळू ढकलत नेली. मागच्या चाकाची रेघ फिरून परत तळाशी आली. पुढच्याची अजून आली नव्हती, तिला आणखी ढकलायला लागलं. कृष्णातनं खाली बसून पुन्हा खुणा केल्या आणि बोटं टेकवून मोजली. एका फेऱ्याला पुढचं चाक मागच्यापेक्षा चार बोटं जास्त चालत होतं.

"घ्या," तो म्हणाला. "दोन टायर एका मापाचे, दोन दुसऱ्या. चारी चाकांवर टाकली की मधला डबा दोघांना एकाच चालीनं चालवाय बघतो. पुढचं म्हणतंय मी एवढं जाणार, मागचं म्हणतंय मी तेवढंच. भांडान दोघांचं, पीळ पडतोय मधल्याला. चिखलात चाक घसरतंय म्हणून तेवढं सुटतंय तरी, कडक जमिनीवर दात मोडणार. कुणी टाकलं हे?"

पुढचे महांतेशनं टाकले होते, मापापेक्षा एक नंबर मोठे, गाडी जरा भारदस्त दिसावी म्हणून. मागचे मृत्युंजयनं टाकले होते, इचलकरंजीच्या एका ओळखीच्याकडून, मापापेक्षा बारीक आणि वर रबर चढवलेले, पण चांगले आहेत असं त्याला सांगितलेले. कंपनीच्या मापाचं गाडीला एकही चाक उरलं नव्हतं. दोघंही थोडे थोडेच चुकले होते. पण चुकले होते एकमेकांच्या उलट दिशेला.

"डब्यातले दोन गिअर बदलतो," कृष्णात म्हणाला. "तेल नवं. पण आधी चारी टायर एका मापाचे, एका दमात घ्या. एकानं घ्या न्हायतर दोघांनी, मला काय त्याचं. तवर दांडा टाकायचा न्हाय. टाकलासा तर मी जबाबदार न्हाय."

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. दुखणं सापडलं, औषध साधं होतं. गॅरेजच्या दारात चहा घेताना महांतेश म्हणाला, "मी टाकतो चारी."

मृत्युंजयनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "चारी तू टाकलास की गाडी तुझी झाली."

"तसं कोण म्हणतंय?"

"आज कोण म्हणत न्हाय. उद्या चार माणसांत म्हणशील, चाकं माझी हाईत. मग मागचा ॲक्सल कुणाचा?"

"मग तू टाक चारी."

"मी का टाकू? पुढचे तुझे नवे हाईत म्हणतोस न्हवं?"

"मग आपापले टाकू. एका मापाचे."

"कुणाच्या मापाचे?"

"गाडीच्या."

"म्हणजे मी टाकलेले फेकून द्यायचे. आणि तुझे?"

"माझेबी."

"तुझं नुकसान माझ्यापेक्षा कमी हाय."

महांतेशला धाकट्याचं मन काचेसारखं दिसत होतं. त्याला टायर नको होते. थोरल्यानं एकदा तरी माझं चुकलं म्हणावं, आणि आधी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. फार महाग नव्हता तो माल. पण महांतेशच्या जिभेवर तो उतरेना. त्यानं मनात एवढाच विचार केला, धाकट्यानं आधी म्हणावं. आणि कृष्णातला म्हणाला, "गिअर बदल. टायरचं नंतर बघू."

अप्पांच्या दिवशी सकाळी गाडीत मल्लव्वाला मागच्या सीटवर मधोमध बसवलं, अप्पा बसले होते तिथंच. मांडीवर बेलाची पिशवी, त्यात विभूतीचा गोळा आणि ओल्या फडक्यात शेवंती. गाडी महांतेश चालवत होता, शेजारी मृत्युंजय. निपाणी मागं पडली. पाऊस बारीक होता, पण दोन दिवसांपासून सारखा.

"जाईल न्हवं वर?" मल्लव्वानं विचारलं.

"जाईल अव्वा," दोघंही एकदम म्हणाले. त्या महिन्यात त्यांचं एकमत झालेली एवढीच गोष्ट.

ओढ्यात पाणी गुडघ्याखाली होतं. पलीकडं चढण सुरू झाली तशी मागची चाकं जागच्या जागी भिरभिरू लागली, आणि चिखलाचा फवारा मागच्या काचेवर आला. महांतेश थांबला. दांड्यावर हात ठेवला. कृष्णातचं बोलणं त्याच्या कानात होतं, मृत्युंजयच्याही होतं. मागच्या सीटवरून आईचा श्वास ऐकू येत होता.

त्यानं दांडा टाकला.

गाडी चढली. पहिली वीसेक पावलं अशी चढली की मृत्युंजयच्या तोंडून "चल बाळा" निघून गेलं, अप्पा म्हणायचे तसं. चिखल संपून वर मुरमाची पट्टी लागली. तिथं चाकांना जमीन कडक मिळाली. महांतेशनं वळण घेतलं, स्टिअरिंग हातात ताठ झालं, आणि पोटातून ठण्ण झालं, मग परत, मग दात दातावर मोडल्यासारखा करकर आवाज. इंजिन ओरडत राहिलं आणि एकही चाक फिरेना. गाडी मागं सरकायला लागली तेव्हा महांतेशनं ब्रेक दाबून धरला आणि मृत्युंजयनं उडी टाकून चाकांमागं दगड लावले.

जळक्या तेलाचा वास गाडीभर आला. वर, दोन शेतांच्या अंतरावर, अप्पांची जागा दिसत होती. गेल्या साली लावलेली बेलाची काठी आता कंबरेएवढी झाली होती.

"मुरमावर काढायचा होतास दांडा," मृत्युंजय खाली वाकून म्हणाला.

"निघत असता तर काढला असता. मागच्या चाकांनी धरून ठेवलं."

"मागच्यांनी? तुझे पुढचे वर घोडा झाल्यात म्हणून..."

"तू ते चढवलेलं रबर टाकलं नसतंस तर..."

"मोठं कुणी टाकलं आधी?"

मल्लव्वानं बेलाची पिशवी खिडकीतून बाहेर धरली. "वर कोण नेतोय?"

दोघांचेही हात पुढं आले. दोघांनीही पिशवीचा एकेक बंद धरला. तिनं क्षणभर बघितलं, मग पिशवी परत आत ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"राहू दे. तो एकटाच बरा हाय वर."

"अव्वा, मी पाठीवर घेतो तुला," मृत्युंजय म्हणाला. "चल."

"मी घेतो," महांतेश म्हणाला. "आणि मी आजच चारी टायर..."

"गुंडूला बोलव," ती म्हणाली.

गुंडू शेजारच्या शेतातला. ट्रॅक्टर घेऊन आला. जीपचं तोंड चढणीकडं, वळवायला जागा नाही, म्हणून मागच्या हुकाला साखळी लावून त्यानं ती उलटी खाली ओढायला घेतली. मल्लव्वा गाडीतून उतरली नाही. तोंड वर, आणि गाडी मागं मागं. समोरच्या काचेतून बेलाची काठी लहान लहान होत गेली. ट्रॅक्टरनं ऊस जातो म्हणणारी म्हातारी ट्रॅक्टरच्याच मागं चालली होती. महांतेश खिडकीतून आत हात घालून स्टिअरिंग धरत पुढच्या चाकाशेजारून चालत होता, मृत्युंजय मागच्या. दोघांच्याही चपला चिखलात राहिल्या, कुणी मागं वळून घेतल्या नाहीत.

डांबरी लागली. गावच्या वेशीपाशी, रस्त्याला लागूनच, समाजाची दफनाची जागा आहे. तारेचं कुंपण, दोन चिंचा, पत्र्याची शेड. मल्लव्वानं काचेवर टकटक केली.

"गुंड्या, थांब जरा."

गुंडूनं ट्रॅक्टर थांबवला. ती त्या जागेकडं बराच वेळ बघत राहिली. महांतेशनं गुळाच्या राशीपुढं उभ्या राहिलेल्या शेकडो शेतकऱ्यांना असं बघताना बघितलं होतं. भाव मनात भरलेला नसतो, पण दिवस मावळत आलेला असतो आणि परत न्यायला गाडी नसते.

"हितं पाणी साचतं का रे पावसाचं?" तिनं विचारलं.

गुंडू गडबडला. एकदा महांतेशकडं, एकदा मृत्युंजयकडं बघून म्हणाला, "न्हाय आज्जी. उंचवट्यावर हाय की."

"आणि गाडी आतपर्यंत येती?"

"कसलीबी येती. डांबरी हाय न्हवं."

"मग झालं तर."

तिनं बेलाची पिशवी उघडली. विभूती बोटावर घेऊन आपल्याच कपाळाला लावली, आणि बेलाचं एक पान काढून खिडकीतून त्या तारेच्या आत टाकलं. वाऱ्यानं ते आत गेलंच नाही, रस्त्याच्या कडेला पडलं. मृत्युंजय ते उचलायला वाकला. महांतेशही वाकला. मग दोघंही तिथंच थांबले, कारण पहिल्यांदा कुणी उचलायचं हे ठरत नव्हतं, आणि गुंडूनं ट्रॅक्टर चालू केला.